परलोकीची वाट आणि घरचा उंबरठा

मराठी वर्तमानपत्रांतील निधनवार्ता जे लक्षपूर्वक वाचीत असतील त्यांच्या ध्यानात एक गोष्ट खचित आली असेल. गृहस्थ जन्मभर विठोबाचा वारकरी असो, की देवाचे नाव न घेणारा असो, तो वारला की आपण त्यास सरसकट 'कैलासवासी' करून टाकतो, आणि मुलीच्या लग्नपत्रिकेवर त्याच्या नावामागे 'कै.' ही दोन टिंबाएवढी उपाधी छापतो. क्वचित कोणी आग्रही घराणे 'वैकुंठवासी' लिहिते. ख्रिस्ती शेजारी 'ख्रिस्तवासी' होतो, मुसलमान शेजारी 'पैगंबरवासी' होतो. बायकांच्या बोलण्यात माणूस 'गेला' असतो आणि जुन्या पत्रव्यवहारात तो 'निवर्तला' असतो. हा शेवटचा शब्द आम्हांस विशेष वाटतो. कारण 'निवर्तणे' म्हणजे परत फिरणे. एकजण म्हणतो गेला, दुसरा म्हणतो परतला. तो आपल्या घरून दुसरीकडे गेला, की इतके दिवस पाहुणा राहून स्वतःच्या घरी परतला, हा प्रश्न आपण रोजच्या भाषेत न सोडविता तसाच ठेवून दिला आहे.

हे सारे आज मनात येण्यास एक पत्र कारण झाले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथून आमच्या एका वाचकभगिनीने ते पाठविले आहे. वाळूज हे गंगापूर तालुक्यातले गाव. पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर असल्यामुळे आणि गेल्या चाळीस वर्षांत तेथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिल्यामुळे त्याचे गावपण आता शोधावे लागते. बाईंचे यजमान तेथील एका कारखान्यात आहेत. थोरले दीर मूळ गावी शेती पाहतात, धाकटे पुण्यास असतात. सासूबाई वारल्या. दिवस किती पाळावयाचे यावरून तिघा भावांत वाद झाला. अखेर कायगावास नदीवर दहावा झाला, परंतु पिंडास कावळा शिवेना. मुलांनी शेताचे सांगितले, कर्जाचे सांगितले, नातवाच्या मुंजीचे सांगितले. दीड तास गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. बाई लिहितात की सासूबाईंच्या मनात काय होते ते आपणांस ठाऊक होते. त्यांची धाकटी विधवा बहीण, मुले जिला मावशीआजी म्हणतात, ती वीस वर्षे याच घरात आहे. तिला कोठे पाठवू नका, एवढेच त्या शेवटल्या आठवड्यात पुनःपुन्हा सांगत होत्या. पण घाटावर पुरुषमंडळींत सुनेने बोलावयाचे कसे? आणि तेराव्यानंतर मावशीआजींस कोठल्याशा आश्रमात ठेवण्याची बोलणी सुरू झाली आहेत. 'सासूबाईंना गती मिळाली नसेल काय? आणि आता मी बोलावे की नाही?' असे दोन प्रश्न बाईंनी विचारले आहेत. वरकरणी ते दोन दिसतात. आम्हांस ते एकच वाटतात. परंतु त्याकडे येण्यापूर्वी थोडे दूरचे फिरून यावे लागेल.

गतीविषयी ठामपणे बोलणाऱ्या माणसास आम्ही नेहमी विचारतो, की कोणत्या ग्रंथातली गती? कारण आपल्या एकट्याच्या घरात या प्रश्नाची तीन तरी उत्तरे नांदत आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला यम हा दंड उगारून बसलेला न्यायाधीश नव्हे. तो मरण पावलेला पहिला मनुष्य. त्याने ती वाट प्रथम शोधून काढली, म्हणून मागून येणाऱ्यांचा तो राजा. गर्द पानांच्या वृक्षाखाली तो देवांसह पान करीत बसला आहे, पितर भोवती आहेत, आणि नवा आलेला त्यांच्यात मिसळतो. पुढे उपनिषदांत येता हे आनंदी गाव नाहीसे होऊ लागते. छांदोग्यात दोन वाटा फुटतात: देवयानाने गेलेला परत येत नाही, पितृयानाने गेलेला चंद्रापर्यंत पोहोचतो आणि तेथून पर्जन्याच्या रूपाने उतरून, धान्यात शिरून, पुन्हा कोणाच्या तरी पोटी येतो. तिसरे उत्तर गरुडपुराणाच्या प्रेतखंडाचे. दहा दिवस घरोघर जे वाचले जाते ते हेच. त्यातली वैतरणी, तेथले यमदूत आणि तेथल्या यातना ऐकून लहान मुलांची झोप उडते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

आता गंमत अशी, की जन्मांतरही खरे आणि पितृलोकात वाट पाहणारे वडीलही खरे, अशी दोन्ही श्रद्धास्थाने आपण एकाच पाटावर मांडतो. आजोबा कोठेतरी पुन्हा जन्मले असतील तर भाद्रपदात पिंड घेण्यास कोण येते? ही शंका आजच्या शिकलेल्या मुलाची म्हणून कोणी तिला हसू नये. ती धर्मशास्त्रकारांनाही पडली होती. त्यांनी तोड काढली ती अशी, की पिता, पितामह, प्रपितामह यांच्या ठायी अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य या देवता उभ्या असतात. दिलेले अन्न त्या घेतात आणि जीव ज्या योनीत असेल तेथे त्यास साजेल अशा रूपाने पोहोचवितात. देव झाला असल्यास अमृत, पशू झाला असल्यास गवत. ज्यांना हे पटते त्यांनी मानावे. आम्हांस त्यातील शास्त्रार्थापेक्षा त्यामागची कळकळ अधिक खरी वाटते. बाप कोठेही असो, त्यास उपाशी राहू द्यावयाचे नाही, एवढ्यासाठी माणसाने हा सारा टपालखात्याचा कारभार उभा केला आहे.

चार्वाकांनी यावर मार्मिक टोला मारला होता: येथे जेवू घातलेले परलोकीच्यास पोहोचत असेल, तर प्रवासास निघालेल्यास शिदोरी कशास बांधून द्यावी, त्याच्या नावाने घरी पान वाढले की झाले. आणि हे म्हणणारे केवळ पाखंडीच होते असे नव्हे. रामायणात दशरथाच्या पदरचा जाबाली नावाचा ब्राह्मण चित्रकूटावर रामास जवळजवळ हेच ऐकवितो. राम त्याच्यावर रागावतो खरा. परंतु कवीने तो संवाद गाळला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कठोपनिषदात नचिकेता जेव्हा खुद्द यमास विचारतो, की मेलेला मनुष्य असतो असे काही म्हणतात व नसतो असे काही म्हणतात, तेव्हा यम प्रथम टाळाटाळच करतो. देवांनाही यात संशय आहे, दुसरे काही माग, म्हणतो. ज्या प्रश्नावर यमराज कुरकुरतात त्यावर आपल्या शेजारचे भटजी किंवा शेजारचे प्रोफेसर यांनी छातीठोक बोलावे, याचे आम्हांस नवल वाटते.

यमाच्या वाटेवर सरमेची दोन पिल्ले, चार डोळ्यांचे कुत्रे, राखण करीत असतात असे ऋग्वेद सांगतो. पारशी लोकांच्या चिन्वत पुलाशीही कुत्रे आहेत, आणि प्रेतास कुत्रा दाखविण्याचा 'सगदीद' विधी त्यांच्यात चालत आला आहे. ग्रीकांच्या पाताळाच्या दारात केर्बेरस नावाचा अनेक डोक्यांचा कुत्रा बसतो. तीन जातींच्या कथांत तोच पहारेकरी का असावा? लोकमान्य टिळकांनी सन 1893 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ओरायन' ग्रंथात याचे उत्तर आकाशात शोधले. वसंतसंपात मृग नक्षत्रात होता त्या काळी आकाशगंगा आणि तिच्या काठचे श्वान हे देवयान व पितृयान यांच्या सीमेवर येत. तीच वैतरणी, तेच कुत्रे. पितृपक्ष भाद्रपदाच्या वद्य पक्षातच का, याचाही उलगडा ते त्याच गणिताने करतात: त्या काळी दक्षिणायन भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होई, म्हणून पितृयानाचा तो पहिला पंधरवडा पितरांचा. हे मत सर्व विद्वानांनी स्वीकारले आहे असे नाही. परंतु पितृपक्षात खीर ढवळणाऱ्या गृहिणीस आपल्या कढईवर एवढे जुने आकाश उभे असेल, ही कल्पनाच आम्हांस मोठी सुखावह वाटते.

परदेशांत फार हिंडण्याचे कारण नाही. तरी दोनतीन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. प्राचीन मिसर देशात मृताचे हृदय तराजूत घालून सत्याच्या पिसाशी तोलीत. जड भरले तर जवळच मगरीच्या तोंडाचा प्राणी ते गिळण्यास सिद्ध. ग्रीक लोक प्रेताच्या तोंडात नावाड्याच्या उताऱ्यासाठी नाणे ठेवीत. होमराच्या 'ओडिसी' काव्यात पाताळात भेटलेला अकिलीज वीर म्हणतो, की येथे मृतांचा राजा होण्यापेक्षा वर एखाद्या दरिद्री शेतकऱ्याकडे मजुरी पत्करली. इतके प्रांजळ उद्गार स्वर्गाचे वर्णन करणाऱ्या पोथ्यांत क्वचित आढळतात. जपानात ऑगस्टाच्या मध्यास बहुतेक ठिकाणी 'ओबोन' येतो. पूर्वजांनी लवकर यावे म्हणून काकडीस काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि त्यांनी सावकाश परतावे म्हणून वांग्याची गाय करतात. आमचे पारशी बांधव वर्षअखेरीच्या दहा दिवसांत 'मुक्ताद' पाळतात व गेलेल्यांच्या नावाने फुलांची पात्रे मांडतात. बौद्धांचे पाली 'तिरोकुड्ड सुत्त' तर आपल्या आजीनेच सांगितलेले वाटावे: गेलेले जीव आपल्याच घराच्या भिंतीबाहेर, दाराच्या चौकटीशी येऊन उभे राहतात, तिकडे त्यांस शेती नाही, व्यापार नाही, येथून जे देऊ त्यावर त्यांचे चालते.

उंबरठ्याबाहेर उभे राहिलेले आप्त आणि आत अन्न शिजत आहे, हे चित्र इतक्या देशांत एकसारखे का उमटले असावे? स्वर्गाचे नकाशे प्रत्येकाचे निराळे आहेत. हा उंबरठा तेवढा सर्वांचा एकच आहे.

परंतु इतके दूर जाण्याचीही गरज नव्हती. वाळूजच्या भोवती पन्नाससाठ किलोमीटरांच्या आत मरणाविषयी माणसाने जे जे म्हटले आहे ते बहुतेक दगडात आणि मातीत लिहून ठेविलेले आहे. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, ज्यास दशावतार म्हणतात तेथे, लिंगातून प्रकट होऊन शंकर मार्कंडेयासाठी यमास लाथाडीत आहे; शेजारीच सोळावे लेणे कैलास. आपण मृतांच्या नावामागे ज्याचे आद्याक्षर लावतो तो कैलास राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळी, आठव्या शतकात, कळसापासून खाली खोदीत आणला गेला. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात सुमारे 7 मीटर लांबीची बुद्धाची निर्वाणमूर्ती पहुडली आहे. खाली शिष्य शोकात बुडाले आहेत आणि वर आकाशात देवगण वाद्ये वाजवीत आहेत. एकाच घटनेवर एकाच भिंतीत रडणे आणि वाजंत्री! अजिंठा थोडा लांब पडतो, हे कबूल. पण हे शिल्प ज्यांनी पाहिले नाही त्यांनी मुद्दाम जाऊन पाहावे.

खुलताबादेचे नावच 'खुल्द' म्हणजे स्वर्ग या शब्दावरून पडले आहे. 1707 साली भिंगारच्या छावणीत औरंगजेब वारला आणि त्याचे शव तेथे आणून शेख झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात साध्या, उघड्या कबरीत पुरले. मरणोत्तर त्यास 'खुल्दमकान' ही पदवी मिळाली. म्हणजे आपल्या 'कै.' सारखीच. त्याच्या नावावर जे मृत्युपत्र सांगितले जाते त्यात टोप्या शिवून मिळविलेले 4 रुपये 2 आणे कफनासाठी खर्चावे आणि कुराण लिहून मिळालेले 305 रुपये फकिरांस वाटावे असे आहे. त्याने महाराष्ट्रास काय भोगावयास लावले ते येथे सांगण्याची गरज नाही; रावण पडल्यावर मरणाबरोबर वैर संपले असे म्हणून बिभीषणास त्याचे संस्कार करावयास रामाने सांगितले, एवढे स्मरले म्हणजे पुरे. पण हे चार रुपये वाचताना आम्हांस नेहमी दुसऱ्या एका टोकाच्या पुरुषाची आठवण होते. 1895 साली गोपाळ गणेश आगरकर गेले तेव्हा त्यांच्या उशाशी स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे बांधून ठेवलेले सापडले असे सांगतात. एकाचा परलोकावर पूर्ण विश्वास, दुसऱ्याचा मुळीच नाही; तरी आपल्या मरणाचा भार दुसऱ्यावर पडू नये ही बुद्धी दोघांसही झाली.

खुलताबादेस जरजरी जरबक्ष या साधूंचा उरूस भरतो. आपण 'उरूस' म्हणजे जत्रा समजतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ विवाह. साधूचे मरण म्हणजे प्रियकराशी मीलन, म्हणून त्या दिवशी लग्नाचा थाट. आणि पैठणास? शके 1521 च्या फाल्गुन वद्य षष्ठीस एकनाथांनी गोदावरीत देह ठेविला. ती तिथी आजही नाथषष्ठी म्हणून दिंड्यापताकांनी साजरी होते. मरणाच्या दिवसाची जत्रा करणाऱ्या या दोन गावांत अंतर ते किती! दोन्हीकडची मंडळी रेवड्या मात्र सारख्याच आवडीने खातात.

एकनाथांच्या घरचे श्राद्ध तर आपल्या प्रश्नाच्या अगदी मर्मी आहे. महिपतीने त्यांच्या चरित्रात ती कथा सांगितली आहे. पितरांसाठी शिजविलेल्या अन्नाचा वास रस्त्याने जाणाऱ्या भुकेल्या अंत्यजांस आला. नाथांनी व गिरिजाबाईंनी ते सर्व अन्न त्यांसच वाढले. पुढे ब्राह्मण रुसून बसले, आणि नाथांच्या हाकेस प्रत्यक्ष पितरच पानांवर येऊन बसले. चमत्कार बाजूस ठेवा. पितर कोणत्या घरी जेवण्यास येतात याविषयी पैठणसारख्या धर्मपीठाने जपलेली ही साक्ष आहे.

आता कायगावच्या घाटाकडे येऊ. वाळूजवरून तोच हमरस्ता पुढे गोदावरीवर कायगावास जातो. पलीकडे टोके, प्रवरासंगम. जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी फुगले म्हणजे तेथे नदीस सरोवराचे रूप येते. या भागातले लोक गोदावरीस 'गंगा' म्हणतात आणि दहाव्यास मोठ्या संख्येने येथे येतात.

कावळ्यास हा मान कोठून मिळाला? रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे, की मरुत्त राजाच्या यज्ञात रावण आला तेव्हा देव भिऊन निरनिराळ्या प्राण्यांच्या रूपांत दडले. इंद्र मोर झाला, वरुण हंस झाला आणि यम कावळा. संकट टळल्यावर यमाने कावळ्यास वर दिला, की माझ्या लोकी भुकेने व्याकुळ असलेले जीव तू जेवलास म्हणजे तृप्त होतील. एरवी ज्यास आपण अंगणातून हाकलतो त्या पक्ष्याची दहाव्या दिवशी माणसे हात जोडून विनवणी करतात ती यामुळे.

परंतु आमच्या मते या विधीचे खरे सामर्थ्य कावळ्यात नसून त्याच्या न येण्यात आहे. पिंड मांडला जातो, मंडळी चार पावले मागे सरतात, आणि कावळा झाडावर बसून मान वाकडी करून पाहत राहतो. मग कोणी पुढे होऊन म्हणतो, धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, मी आहे. कावळा हालत नाही. दुसरा म्हणतो, आईला अंतर देणार नाही. तिसऱ्यास एकाएकी जुने देणे आठवते. एरवी वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोललेले भाऊ तेथे चारचौघांत, नदीच्या साक्षीने, तोंडाने बोलून मोकळे होतात. गेलेल्याच्या अपुऱ्या इच्छांची अशी उघड मोजदाद करणारी दुसरी कचेरी आमच्या पाहण्यात नाही. पक्षी भुकेला असेल तर लवकर येतो, गर्दीस भ्याला तर येत नाही, हे आम्हांसही समजते. पलीकडच्या गावी चार दहावे आधीच झाले असले म्हणजे कावळ्यांची पोटे भरलेली असतात, हेही घाटावरचे लोक हसून सांगतात. त्याने शिवण्यास लावलेला वेळ म्हणजे जिवंतांस दिलेली मुदत होय. शास्त्राने शेवटी दर्भाच्या कावळ्याची सोय ठेविली आहे, म्हणजे कोणाचीही गती पक्ष्याच्या मर्जीवर टांगून ठेवलेली नाही. मुंबईच्या पारशी समाजावर याहून बिकट प्रसंग आला. जनावरांस देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडे मेली. त्या औषधाच्या पशूंसाठीच्या वापरावर 2006 साली बंदी आली, पण तोवर आकाश रिकामे झाले होते. डुंगरवाडीच्या दोख्म्यांवर पक्षी येईनासे झाले. तेव्हा त्यांनी सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे लावले, काहींनी दहनाचा मार्ग धरला. त्यामुळे त्यांच्या मृतांची वाट अडली, असे कोणता सहृदय मनुष्य म्हणेल?

म्हणून आमच्या भगिनीच्या पहिल्या प्रश्नास आमचे उत्तर असे: सासूबाईंच्या गतीची चिंता करू नये. विधी पुरा झाला आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र तितके सोपे नाही. घाटावर जे बोलावयाचे राहिले ते अद्यापि राहिलेलेच आहे, आणि ते एकट्या आपणांस ठाऊक आहे. ते आता घरात बोलावे. प्रथम यजमानांशी, मग थोरल्या दिरांशी. चिडून नव्हे, परंतु संदिग्धही नव्हे. 'आईंनी मला असे सांगितले होते,' एवढेच वाक्य पुरे. आश्रम वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. काही वृद्धांस तेथे समवयस्कांची सोबत लाभते. पण वीस वर्षे ज्या घरात भाजी निवडली तेथून बहिणीच्या तेराव्यानंतर बाहेर पडावे लागणे, आणि त्याविषयी आपणांस कोणी विचारलेही नाही असे कळणे, ही गोष्ट निराळी. मावशीआजींस विचारा. त्यांची इच्छा काय आहे हे या सर्व वादात कोणी विचारल्याचे आपल्या पत्रात दिसत नाही.

आणि एक गोष्ट पुरुषवाचकांसाठी. घाटावर बोलण्याचा अधिकार मुलांचा, हे कोठल्या शास्त्रात लिहिले आहे? आजारपणात उशाशी कोण बसले होते, रात्री पाणी कोणी पाजले, शेवटचे शब्द कोणाच्या कानी पडले, याचा विचार केला तर सुनांस व लेकींस पुढे बोलावणे हेच शहाणपणाचे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांस पौरोहित्य शिकविल्यास पुष्कळ वर्षे झाली. त्या संस्कार सांगतात आणि समाज ऐकतो. मग सुनेने एक वाक्य बोलण्यास काय हरकत असावी?

दिवस किती पाळावयाचे, या वादाविषयी थोडक्यात सांगतो. कारखान्यातील रजा मोजकी असते आणि थोरल्या दिरांस ते पटत नाही, असे बाई लिहितात. त्यांस सांगावे की पराशरस्मृतीत कारू, शिल्पी, वैद्य, दासदासी आणि राजा यांस 'सद्यःशौच' सांगितले आहे; म्हणजे ज्यांच्या वाचून लोकांचे काम अडते त्यांस आपल्या कामापुरते सुतक लागत नाही. यंत्रावर उभा राहणारा मनुष्य कारू नव्हे तर कोण? महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 1953 साली निघालेल्या चौथ्या खंडात अंत्येष्टी, अशौच व श्राद्ध यांची जी प्रचंड सामग्री एकत्र केली आहे ती चाळली तरी दिसते, की या बाबतीत एकवाक्यता कधीच नव्हती; देश, काळ, वृत्ती पाहून स्मृतिकार सोय करीत आले.

खर्चाचेही तेच. कर्ज काढून तेराव्यास पंगती उठविणाऱ्यांस मनूचे वचन दाखवावे: देवकार्यास दोन, पितृकार्यास तीन ब्राह्मण, संपन्न असला तरी विस्तार करू नये, कारण विस्ताराने सत्कार, स्थळकाळ, शुद्धता, सारेच बिघडते. रामाने वनात दशरथास पिंड दिला तो हिंगणाच्या फळाच्या गराचा, बोरे घालून. मनुष्य जे खातो तेच त्याच्या देवांनी खावे, असे त्याने म्हटले. कौसल्येस ते पाहून रडू आले. पण पिंड उणा होता असे तेथे कोणी म्हणाले नाही.

पत्राच्या तळटीपेत बाईंनी विचारले आहे की पाच वर्षांच्या मुलीस आजी कोठे गेली म्हणून सांगावे. 'झोपली' असे सांगू नये; मूल रात्री डोळे मिटण्यास भिते. 'गावी गेली' असेही नको, मूल दाराकडे पाहत बसते. आजी मेली, ती परत येणार नाही, हे आधी स्पष्ट सांगावे. मग देवाघरी, चांदणीत, नदीत, जे आपल्या घरच्या श्रद्धेस रुचेल ते. मुलांस पुढच्या कथेत फार रस असतो, परंतु पहिले वाक्य चुकले तर ती कथा फसवणूक ठरते.

येत्या भाद्रपदात महालय करताना पुरोहित जी नावे विचारतात त्यांची यादी एकदा सवडीने पाहावी. पिता, पितामह, प्रपितामह, माता, पितामही, प्रपितामही, मग सापत्न माता, आईकडच्या तीन पिढ्या, पत्नी, पुत्र, कन्या, चुलता, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, शिष्य, आप्त. मावशीस तेथे 'मातृष्वसा' म्हणून स्वतंत्र पिंड आहे. पुष्कळ घरांत या यादीतील स्त्रियांची नावे विचारली की मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. गोत्र न आठवले तर काश्यप म्हणावे, पूर्वजांची नावे मुळीच ठाऊक नसली तर पृथिवीषत्, अंतरिक्षसत्, दिविषत् म्हणावे, अशी शास्त्राने वाट ठेविली आहे. परंतु ज्या घरात मावशीआजींसारखे कोणी आहे तेथे ती वाट धरण्याचे काय कारण? त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे आणि पणजीचे सासरचे नाव, माहेरचे नाव, ती कोणत्या गावची, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे.